पानाशिवायची बशी

सर इन्क्युबेटर उघडण्याआधी दारावर बोटाने टकटक करायचे. मी नवी होते तेव्हा वाटलं, दाराचं रबर चिकटत असेल, म्हणून ठोकून सैल करत असतील. पुढे धीर करून विचारलं, तर म्हणाले, “अहो, आत बोलणं चाललेलं असतं. एकदम दार लोटून शिरणं बरं दिसतं का?”

आत माणसं नव्हती, ते लॅबमधलं उबदार कपाट होतं. काचेच्या चपट्या, झाकणाच्या बश्या होत्या आणि बश्यांत जंतू. आम्ही त्यांना प्लेट म्हणायचो, अख्खं जग पेट्री डिश म्हणतं, सर मात्र कायम बशीच म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की नुसती बशी समोर आली की माणूस विचारतो, कप कुठंय? तसं विचारायची सवय लागली पाहिजे. या वाक्याचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला. कळला तेव्हा मी रडत होते, पण ते पुढे सांगते.

कॉलेजात त्यांना वेडं समजायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे. पुण्यात त्यासाठी वेगळे शब्द आहेत. ‘सर जरा अभ्यासू आहेत’ असं म्हणायचे आणि एकमेकांकडे बघायचे. सर उंच, खांद्यात वाकलेले, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशाला बारा महिने हिरवा डाग. खिशात पेन नसायचं, पानं असायची. टेकडीवर फिरायला जात आणि येताना खिसा भरून आणत. टेकडीवरची संपली की लोकांच्या कुंपणातली तोडत.

एकदा मी सोबत असताना प्रभात रोडवरच्या एका बंगल्यातल्या बाईंनी त्यांना पकडलं. “काय हवंय आपल्याला?” बाईंनी गॅलरीतून विचारलं.

“दोन पानं.”

“पूजेला का?”

“नाही. जंतूंना.”

बाईंनी एकदा कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “दोनच घ्या. आणि तुमच्या जंतूंना सांगा, पुढच्या वेळी बेल वाजवायची.” सरांना हे उत्तर इतकं आवडलं, की पुढचा आठवडाभर ते आल्यागेल्याला सांगत होते. हसवायला नाही, नीट कौतुकाने.

आता हे जंतूंना पानं घालण्याचं प्रकरण काय, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर सर खरंच वेडे वाटायचे. मला त्यांनी जसं सांगितलं तसंच सांगते. एकटा जंतू म्हणजे कट्ट्यावर एकटं बसलेलं पोरगं. बिचारं मान खाली घालून चपलेचा अंगठा बघत बसतं. दोघंतिघं आले तरी विशेष काही होत नाही. घोळका जमला की मात्र त्यांना कंठ फुटतो आणि मग दंगा. जंतूंचं तेच. प्रत्येक जंतू थोडं थोडं रसायन सोडत असतो, तेच त्याचं बोलणं. ते आजूबाजूला पुरेसं साचलं, की सगळ्यांना एकदम कळतं, आपण आता पुष्कळ आहोत. मग जखमेत विष सोडायला लागतात. तोवर गप्प.

“आणि झाडाला पळता येत नाही, हात उगारता येत नाही,” सर म्हणायचे. “मग ते काय करतं? या टोळक्याच्या बोलण्यात काड्या घालतं. एकाचं दुसऱ्याला ऐकूच येऊ देत नाही. कोणाला मारलं नाही, हात घाण केले नाहीत, आणि दंगा बंद. झाड कसलं, पेठेतलं माणूस आहे ते.”

जंतू मारायच्या औषधांवर त्यांचा राग होता. सर्दीला अँटिबायोटिक लिहून देणारा डॉक्टर दिसला, की त्यांचा तोल जायचा. “मारायला गेलात की मवाळ तेवढे मरतात, दांडगे उरतात. मग त्या दांडग्यांची पोरं घेऊन बसा,” हे त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत, शेजारी जेवत असलेल्या डॉक्टरांना ऐकवलं होतं. डॉक्टर नवऱ्या मुलाचे वडील होते.

गंमत अशी, की जंतूंचं बोलणं थांबवायला निघालेला हा माणूस स्वतः अखंड बोलायचा. सकाळी कुलूप उघडताना सुरू झालेलं वाक्य जेवणाच्या सुट्टीत संपायचं. बश्यांशी बोलायचे, अडून बसलेल्या स्कूटरशी बोलायचे, आणि सगळ्यांना अहो-जाहो. विद्यार्थ्यांना, स्कूटरला आणि जंतूंनाही. “उठलात का?” असं म्हणून बशीचं झाकण उचलायचे. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू सांगायच्या, “झोपेत तेवढे थांबतात. तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.”

आमच्या लॅबमध्ये या कामासाठी एक जांभळा जंतू पाळलेला होता. तो जखमेतला नव्हे, तो आमचा चहाडखोर. घोळका जमला, बोलणं सुरू झालं की हा जांभळा रंग सोडतो. बोलणं तुटलं की रंग नाही. बशीत जंतूंच्या खाण्याची जेली ओतायची, तिच्यात पानाचा अर्क मिसळायचा, वर जंतू पसरायचे आणि उद्यापर्यंत वाट बघायची. बशी जांभळी झाली, तर पान कुचकामी. बशी रिकामी राहिली, तर पानाने जंतू मारले, म्हणजे तेही सरांच्या दृष्टीने कुचकामी. पण जंतू बशीभर वाढलेत आणि रंग मात्र पांढरा, असं झालं तर ते खरं. जिवंत आहेत, पण बोलत नाहीत.

लांबून बघितलं तर रिकामी आणि पांढरी यांत फसायला होतं. म्हणून सरांचा एक ठरलेला प्रश्न होता. कोणीही नाचत नाचत बशी आणली, की विचारायचे, “मेले, की गप्प बसले?” ते ओळखायची त्यांची रीतही ठरलेली. त्या बशीतलं टोकभर उचलायचं आणि जिच्यात पान नाही अशा नव्या बशीत न्यायचं. मेले असतील तर काहीच उगवणार नाही. गप्प बसले असतील तर नव्या जागी, मोकळ्या हवेत, परत जांभळे होतील. “जागा बदलून बघा,” ते म्हणायचे. “जागा बदलल्याशिवाय कोणाला मेलेलं म्हणू नये.”

हा प्रश्न त्यांनी जंतूंपुरता ठेवला नव्हता. वर्गात मागच्या बाकावर कोणी वर्षभर तोंड उघडलं नाही की हाच प्रश्न. स्कूटर लकडी पुलावर बंद पडली, तेव्हा उतरून, हँडलवर हात ठेवून हाच प्रश्न. काकूंचे भाऊ भांडून यायचे बंद झाले, तर सरांनी फोन करून त्यांनाच विचारलं. भाऊ पुढल्या रविवारी आले, भांडण पूर्ण करायला.

माझं म्हणाल, तर रविवार पेठेत आमचं काष्ठौषधींचं आणि अत्तराचं दुकान. आजोबांच्याही आधीपासूनचं. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, वावडिंग या वासातच मी मोठी झाले. पण दुकानाची उतरती कळा लागली होती, आणि अब्बांना ते सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तो काळ कॉम्प्युटरचा. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर जावाच्या क्लासची जाहिरात. माझा चुलतभाऊ तसाच एक क्लास करून अमेरिकेला गेला होता आणि तिथून फोन करून थंडी किती आहे ते सांगायचा. त्याच्या घरी रंगकाम निघालं, नवा सोफा आला. आमच्या घरी मी जंतू घेऊन बसले होते.

अब्बा चांगले होते हो. कधी आवाज चढवला नाही. पण बापाचा जीव, काळजी करायचाच. एक दिवस दुकानात मला समोर बसवून म्हणाले, “बेटा, ईदपर्यंत बघ. तोवर तुझ्या त्या बश्यांतून काही निघालं, तर पुढे मी विचारणार नाही. नाही निघालं, तर भाईने केला त्या क्लासला नाव घालायचं. कबूल?” मी कबूल म्हटलं. मला दुसरं काही करता येत होतं असं नाही, आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. हे काम सुटलं तर मी कोण राहीन, तेच कळत नव्हतं.

मग मी दुकानातल्या एकेका बरणीतलं औषध लॅबमध्ये नेऊन बघायला लागले. काही महिने सगळं जांभळं. आणि मग दैव उघडलं म्हणतात तसं झालं. हिरडा घातला, बशी पांढरी. बेहडा घातला, पांढरी. मंजिष्ठा, वावडिंग, नागकेशर, सगळे पास. मी हवेत. सर माझ्याहून हवेत, इतके की जागा बदलून बघायचंही राहून गेलं. त्यांनी भाकरवडी आणून सगळ्या डिपार्टमेंटला वाटली. ज्या प्राध्यापकांशी त्यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, त्यांच्या टेबलावरही पुडा ठेवून आले. अब्बांनीही ऐकून घेतलं, “माशाल्ला” म्हणाले आणि हिरड्याची बरणी पुसून पुढे मांडली.

त्याच भरात एक दिवस डबा खाताना अम्मीने बडीशेपेबरोबर बांधून दिलेली खडीसाखर सरांनी पाहिली. म्हणाले, “हिलाही घाला बशीत. बघू हिचं काय म्हणणं आहे.” गंमत म्हणून मी घातली. दुसऱ्या दिवशी टकटक करून सरांनी दार उघडलं. खडीसाखरेची बशी पांढरीशुभ्र.

सरांनी ती बशी उजेडात तिरपी करून पाहिली. मग हळूच म्हणाले, “अहो, खडीसाखरही गप्प करायला लागली, तर जगात बोलायला उरणार कोण?” त्यांनी त्या बशीतलं टोकभर उचललं आणि पान नसलेल्या नव्या बशीत नेलं. तसंच माझ्या हिरड्याच्या बशीतलं, मंजिष्ठेच्या बशीतलं. शिवाय मी वापरत होते त्या नळीतले जंतू, ज्यांनी आयुष्यात कुठलं पान पाहिलं नव्हतं, तेही एका साध्या बशीवर पसरले. दुसऱ्या दिवशी सगळ्या बश्या उघडल्या. सगळ्या पांढऱ्या. जंतू भरपूर वाढलेले, पण एकालाही रंग नाही.

म्हणजे काय झालं, ते सांगते. माझ्या औषधांनी कोणालाच गप्प केलं नव्हतं. माझ्या नळीतले जंतू मुळातच मुके झाले होते.

आणि ते झाले सरांच्या एका लाडक्या पद्धतीमुळे. जंतू डीप फ्रीजमध्ये गोठवून ठेवायचे, लागतील तसे काढायचे, हे सगळीकडे करतात. सरांना ते मान्य नव्हतं. “पाहुण्यांना बर्फात झोपवता का?” असं म्हणून ते या नळीतून त्या नळीत, तिच्यातून पुढच्या नळीत, असा जांभळा जंतू जिता ठेवत आले होते. विरजणासारखा. आणि विरजणाचं काय होतं ते घरोघरी माहीत आहे. पिढ्यानुपिढ्या तेच लावत राहिलं, की एक दिवस दही नीट लागेनासं होतं. तसे आमच्या नळ्यांतले जांभळे मागे पडत गेले, पांढरे माजत गेले, आणि कोणाला पत्ता नाही.

पत्ता लागायला पाहिजे होता तो पानाशिवायच्या बशीवरून. तिला बाकीचे कंट्रोल म्हणतात. पानवाल्या बशीशेजारी बिनपानाची बशी हवीच, त्याशिवाय पानाने काय केलं हे कळणार कसं? आमच्या लॅबची रीत अशी, की सोमवारी सर स्वतः, आपल्या खास नळीतून, एक बशी सगळ्यांसाठी लावायचे आणि खिडकीत ठेवायचे. आम्ही आपापल्या नळीतले जंतू वापरायचो आणि सरांच्या बशीशी ताडून बघायचो. सरांची नळी अजून ठणठणीत होती. खिडकीत जांभळीगर्द बशी, माझ्या हातात पांढरी. मी टाळ्या वाजवत होते.

त्या दिवशी सर काही बोलले नाहीत. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. खिडकीतली बशी उचलली, कपाटात ठेवली आणि स्कूटरची किल्ली घेऊन घरी गेले. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसलं. बशी समोर होती, आणि कप कुठंय हे मी विचारलंच नव्हतं. भाकरवडी आठवून जास्त रडू येत होतं. ईदला दोनच महिने उरले होते. अब्बांनी काही विचारलं नाही, मीच म्हटलं, क्लासला नाव घाला. दुसऱ्या आठवड्यात मी कर्वे रोडवरच्या एका गारेगार खोलीत पडद्यासमोर बसले होते. मास्तर बरे होते, मुलं हुशार होती, आणि मी घरीदारी एक शब्द बोलत नव्हते. अम्मी जेवायला हाक मारायची, मी जाऊन जेवायचे. बस.

एका दुपारी क्लासहून परस्पर दुकानात आले, तर गल्लीच्या तोंडाशी ती स्कूटर. आत सर उभे. त्यांनी गल्ल्याशेजारच्या काचेवर टकटक केली आणि अब्बांना विचारलं, “आपली मुलगी मेली, की गप्प बसलीय?”

अब्बांच्या हातातला तराजू तसाच राहिला. ते सरांना ओळखत नव्हते. “कोण आपण?” त्यांनी विचारलं. आवाज असा, की मी पटकन पुढे झाले आणि म्हटलं, “अब्बा, हे आमचे सर.”

“अच्छा,” अब्बा म्हणाले. “तुम्हीच का. बसा. माझी मुलगी आठवडाभर बोललेली नाही. चूक काय झाली तिची, तेवढं मला सांगा.”

सर स्टुलावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “चूक तिची नाही. जंतू मी सांभाळले, माझ्या हट्टाने सांभाळले. ते बिघडले हे कळू नये अशी पद्धतही मीच पाडली. तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं. तेच सांगायला आलोय. तिला सांगून भागलं नसतं, तुम्हाला सांगणं जरूर होतं.”

माझं आयुष्य नंतर कॉलेजांतच गेलंय, म्हणून जबाबदारीने सांगते. विद्यार्थ्याच्या बापापुढे उभं राहून ‘चूक माझी’ म्हणणारा गाईड मी दुसरा पाहिला नाही. चूक झाली की ती खाली खाली सरकत सर्वांत धाकट्याच्या पदरात पडते, ही आमच्याकडची वहिवाट. त्या दिवशी दुकानात मला एकदम मोकळं वाटलं. अजून ते आठवलं की डोळे भरतात.

अब्बांनी तराजू खाली ठेवला. “मग आता?”

“आता नवा जंतू आणायचा. माझ्या नळीतला अजून बरा आहे, पण तोही आज ना उद्या मुका होणार. ताजा, रानातला.”

“कुठे मिळतो?”

“मातीत, पाण्यात. खडकवासल्याला मिळेल असं वाटतं.”

“धरणातलं पाणी? ते तर अख्खं पुणं पितं.”

“गाळून पितं. तरी पुणं गप्प बसत नाही, बघा.”

अब्बा हसले नाहीत, पण मिशीखाली काहीतरी हललं. “मुलगी एकटी येणार नाही,” ते म्हणाले. “मी येतो.”

शुक्रवार नसताना आमच्या दुकानाला कुलूप लागलेलं मी त्या दिवशी पाहिलं. स्वारगेटहून बस धरली. सरांच्या पिशवीत उकळून घेतलेल्या बाटल्या, अब्बांच्या पिशवीत थर्मास. धरणाच्या कडेला लोक कांदाभजी आणि भाजलेली कणसं खात होते. त्यांच्यामधून पांढऱ्या कुर्त्यातले अब्बा पायजमा वर खोचून चिखलात उतरले, कारण सरांचे गुडघे दुखत होते आणि मला उतरू द्यायला दोघंही तयार नव्हते. काठावरून सर सांगत होते, “अहो, जरा डावीकडे. तिथे पानं कुजलीत, तिथे वस्ती असेल.” एक पहारेकरी काठी आपटत आला. “काय भरताय ओ चाचा?”

“जंतू,” अब्बा म्हणाले.

“हितं जंतू नाय भरायचं,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच विचारात पडून निघून गेला.

परतीच्या बसमध्ये सर आणि अब्बा शेजारी बसले. काय बोलत होते कोण जाणे. एवढं ऐकू आलं, की अब्बा हिरड्याच्या जाती सांगत होते आणि सर ऐकत होते. सरांना एवढा वेळ ऐकताना मी पाहिलं नव्हतं.

धरणाच्या चिखलातून बश्यांवर काय काय उगवलं. पिवळे, नारिंगी, गुलाबी, शेवाळी. जांभळा नाही. पुन्हा लावल्या, पुन्हा नाही. क्लास मी सोडला नव्हता, अर्धा दिवस तिथे, अर्धा दिवस इथे. ईदच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी सरांनी टकटक करून दार उघडलं, एक बशी उलटी करून उजेडात धरली, आणि मला कायम अहो-जाहो करणारा हा माणूस म्हणाला, “अगं, इकडे ये. हा बघ आला.” पिवळ्या गर्दीत मोहरीएवढा एक जांभळा ठिपका होता.

पण ठिपका म्हणजे काम नव्हे. ईदला माझ्या हातात सांगण्यासारखं काहीही नव्हतं. सर आणि काकू शीरखुर्म्याला घरी आले होते. अम्मीने वाट्या भरल्या. मीच विषय काढला. म्हटलं, “अब्बा, ईद झाली. कबूल केल्याप्रमाणे...”

अब्बांनी वाटीतला बदाम शोधून काढला, खाल्ला आणि म्हणाले, “ईदपर्यंत म्हटलं होतं. कोणती ईद ते कुठे सांगितलं होतं?” आणि सरांकडे वळून, “सर, आणखी घ्या. यात कुठलं पान नाही.”

पुढचं काम सरळ झालं असं नाही, पण झालं. नवा जंतू गोठवून ठेवला. सरांनी तो स्वतः फ्रीजमध्ये ठेवला आणि दार लावताना “माफ करा” म्हणाले. पानाशिवायची बशी तेव्हापासून ज्याची त्याने, त्याच नळीतून, त्याच दिवशी लावायची असं ठरलं. मंजिष्ठा पडली, नागकेशर पडलं, खडीसाखर तर पडणारच होती. टिकला तो हिरडा. तोही मुठीने घातला की जंतू मारायचा. अगदी बेताचा घातला, तर सगळे जिवंत आणि सगळे गप्प. नव्या बशीत नेले, की दुसऱ्या दिवशी परत जांभळे. पुढे जखमेत हिरवा पू करणाऱ्या जंतूवरही तो थोडाफार चालला. त्यातून औषध अजून निघालेलं नाही. निघेल तेव्हा निघेल. मला मात्र त्यातून पदवी मिळाली, नोकरी मिळाली, आणि मी कोण ते मला कळलं. अब्बांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत ते गिऱ्हाइकाला हिरडा देताना सांगायचे, “बेतानं घ्या. माझ्या मुलीचा शोध आहे.”

सर निवृत्त झाले आणि काही वर्षांनी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला आणि वाचा गेली. मी हॉस्पिटलात गेले, घरी गेले. सुरुवातीला पुष्कळ लोक यायचे. पण अखंड बोलणाऱ्या माणसासमोर गप्प बसून राहणं लोकांना जमेना. हळूहळू येणं थांबलं. आलेले काकूंशीच बोलायचे, सरांसमोर, सर तिथे नसल्यासारखे. सर खिडकीकडे तोंड करून बसलेले असत. डोळ्यांत काही हलायचं नाही. “काही उरलं नाही गं त्यांच्यात,” काकू एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाल्या. “डॉक्टरसुद्धा आता तसंच बोलतात.”

त्या दिवशी मी घरी जाताना चिडले होते. कोणावर ते कळत नव्हतं. आणि मग आठवलं, की आम्ही सगळे त्यांना एकाच खोलीत, एकाच खुर्चीत बघत होतो. जागा कोणी बदललीच नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात मी चाकाची खुर्ची आणि गाडी घेऊन गेले. काकू नको नको म्हणत होत्या, तरी सोबत आल्या. लॅब तीच, तळमजल्यावरची. आता ती माझ्याकडे आहे. माझ्या हाताखाली काम करणारी अमरावतीची एक मुलगी दारातच उभी होती, सरांबद्दल ऐकून ऐकून घाबरलेली. खुर्ची आत घेतली. सरांचा चेहरा तसाच. मी इन्क्युबेटरपाशी गेले, दाराला हात घातला, आणि मागून खुर्चीचा आवाज झाला म्हणून वळून पाहिलं. सर डाव्या हाताने चाक ढकलत पुढे येत होते. दाराशी पोहोचले, डावा हात उचलला आणि टकटक केली.

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी दार उघडलं.

त्या मुलीची एक बशी तयार होती. कडुनिंबाच्या सालीची, दुधासारखी पांढरी. ती तिने मोठ्या आशेने सरांच्या हातात दिली. सरांनी ती उलटी केली, खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी करून बघितली. आम्ही तिघी वाट बघत उभ्या. मग त्यांनी बशी मांडीवर ठेवली आणि रिकामा डावा हात आमच्यापुढे पसरला.

“पाणी हवंय का त्यांना?” मुलीने विचारलं आणि धावत ग्लास आणला. सरांनी मान हलवली. हात तसाच. काकूंनी त्यांचा रुमाल पुढे केला. सरांनी तो बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं. वैतागलेली, पुणेरी, जुनी नजर. एवढं साधं कळत नाही का, अशी.

“बाई,” मी त्या मुलीला म्हटलं, “पानाशिवायची बशी कुठंय?”

“आतच राहिली, मॅडम,” ती म्हणाली आणि घाईने काढून घेऊन आली. जांभळीगर्द बशी. सरांनी ती घेतली, पांढरीच्या शेजारी ठेवली, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली.

काकू माझा दंड धरून उभ्या होत्या. 

“काकू,” मी म्हटलं, “नुसते गप्प बसलेत.”